भागाआत्या आणि फवाऱ्याची चावी

कापसाच्या त्या दिवसांत अमरावतीत कोणाच्या घरी नवी वस्तू आली की शेजारपाजार पाहायला जमायचा. आमच्या घरी नवी वस्तू आली की घरातलंच एक माणूस उठून मागच्या अंगणात निघून जायचं. ते माणूस म्हणजे भागाआत्या, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. नाव चंद्रभागा, पण एवढं लांब नाव कोणी वापरलं तर त्यांना तेही उधळपट्टीत जमा वाटलं असतं.

तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती म्हणे, आणि तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता. कोण कोणाशी लढतंय, कशासाठी लढतंय, हे आमच्यापैकी कोणालाही धड सांगता आलं नसतं. पण ती लढाई अशीच चालू राहावी म्हणून अमरावतीच्या देवळांत मात्र नेमानं नारळ फुटत होते. माझे सासरे मूळचे नांदगाव खंडेश्वरचे, काळ्या मातीतले शेतकरी. भाव चढू लागले तसे ते आधी स्वतःचा कापूस, मग भाऊबंदांचा, मग सगळ्या पंचक्रोशीचा कापूस घेऊन अमरावतीला येऊ लागले, आणि शेवटी इथंच घर बांधून राहिले. गावात ते बापू होते. अमरावतीत पहिल्या वर्षी बापूराव झाले, दुसऱ्या वर्षी बापूसाहेब. आम्ही सुना त्यांना मामंजी म्हणत असू. एकट्या भागाआत्या त्यांना शेवटपर्यंत ‘बापू’ म्हणत राहिल्या, तेही चार माणसांसमोर.

घरात रोज काहीतरी येत होतं. काचेच्या हंड्या आल्या, ठोके देणारं घड्याळ आलं, वेताच्या खुर्च्या आल्या. नवं आलं की जुनं टाकायचं, ही रीतही त्याच गाड्यांतून आली असावी. भागाआत्यांना ती मान्य नव्हती. टाकलेली वस्तू त्या उचलून आणायच्या, मागच्या अंगणात लिंबाखाली घेऊन बसायच्या आणि तिचं काय दुखतंय ते पाहायच्या. त्यांच्याजवळ एक लाकडी पेटी होती. तिच्यात लाख, राळ, चामड्याचे तुकडे, तारा, कानस, सांडशी असं सामान असायचं. घरातल्या बायकांकडे दागिन्यांच्या पेट्या होत्या. आत्याबाईंच्या पेटीला कोणी हात लावला तर त्या आमच्यापेक्षा जास्त चिडायच्या.

आता खरं सांगायचं तर त्यांनी दुरुस्त केलेली प्रत्येक वस्तू चालायचीच असं नाही. चिनी मातीच्या पेल्याला त्यांनी लाखेनं कान चिकटवला, तर गरम दूध ओतताच तो सुटून पडला. एका वेताच्या खुर्चीचा पाय निखळला होता. मामंजींनी ती जळणात टाकायला सांगितली. आत्याबाईंनी तिला कच्च्या चामड्यानं करकचून आवळलं आणि कोणाला न सांगता बैठकीत नेऊन ठेवली. त्याच आठवड्यात कचेरीतले एक शिरस्तेदार आमच्याकडे आले. अंगानं चांगले भारदस्त. ते नेमके त्याच खुर्चीवर बसले आणि बोलता बोलता दिसेनासे झाले. मामंजी पांढरेफटक पडले. शिरस्तेदारांना उचलून, झटकून, मिठाई खायला घालून घरी पाठवल्यावर ते मागच्या अंगणात आले आणि आत्याबाईंपुढे ती मोडकी खुर्ची आपटली.

आत्याबाईंनी ती उलटी करून नीट पाहिली. “खुर्ची बराबर हाये,” त्या म्हणाल्या. “बसनारा जास्त झाला.”

आत्याबाई आमच्याकडे का राहत होत्या, ते मला लग्न होऊन आल्यावर कोणी मुद्दाम सांगितलं नाही, तुकड्या-तुकड्यांनी कळलं. त्यांना अकोल्याकडच्या एका गावी दिलं होतं. यजमानांचं नाव दौलतराव. घर चांगलं होतं, शेती होती. मूल मात्र झालं नाही. मग दौलतरावांनी दुसरी बायको केली. आत्याबाई त्याच घरात काही महिने राहिल्या, नवीन आलेलीला कुठं काय ठेवलं आहे ते दाखवलं, आणि एका सकाळी बैलगाडी जुंपायला सांगून भावाकडे आल्या. भांडण नाही, रडारड नाही. दौलतरावांचं नाव त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं. पण वाईटही कधी ऐकलं नव्हतं.

फवारा आला तो कापसाच्या भर चढतीत. मामंजी मुंबईला गेले होते. तिथं एका इंग्रज व्यापाऱ्याच्या बंगल्यात त्यांनी पाहिलं की साहेब उभ्यानं अंघोळ करतो आणि पाणी वरून, झारीतून पडावं तसं पडतं. मामंजींना ते इतकं पसंत पडलं की तशीच लोखंडी टाकी, नळी, पितळेची चावी आणि वर लावायचं चाळणीसारखं तोंड, असा सगळा सरंजाम त्यांनी विकत घेतला. आगगाडी तेव्हा वऱ्हाडात पोचली नव्हती, त्यामुळं तो निम्म्या वाटेपासून बैलगाडीनं आला. न्हाणीघराच्या छपरावर टाकी चढली. गडी विहिरीचं पाणी शेंदून, शिडीवरून वर नेऊन टाकीत ओतायचा, आणि खाली मामंजी चावी फिरवून ते आपल्या अंगावर पाडून घ्यायचे. तेच पाणी गड्यानं विहिरीवरच अंगावर ओतलं असतं तर काय बिघडलं असतं, हे आत्याबाईंनी एकदा विचारलं होतं. लोक मात्र पाहायला येत. मामंजी त्यांना न्हाणीघरात नेत, चावी फिरवून दाखवत, आणि लोक कोरडे राहण्यासाठी भिंतीला चिकटून उभे राहत.

वर्षभरात ती चावी गळू लागली. आमच्या विहिरीच्या पाण्यात उन्हाळ्यात गाळ यायचा. त्या बारीक रेतीनं पितळ आतून ओरबाडलं गेलं होतं. चावी कितीही आवळली तरी पाणी टपटपत राहायचं. दुपारपर्यंत टाकी रिकामी, आणि विहीर तळाला गेलेली. गडी शिडीवर चढून चढून रडकुंडीला आला.

नेमकं त्याच वेळी ठरलं की मुंबईच्या एका मोठ्या पेढीचा साहेब कापूस पाहायला अमरावतीला येणार आणि आमच्याकडे उतरणार. मामंजींनी त्या एका सौद्यावर सगळं लावलं होतं. नांदगावची शेतीसुद्धा. त्यांनी कासमभाईंना बोलावलं. कासमभाई अमरावतीतले कल्हईवाले, पितळ-तांब्याच्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी चावी काढली, डोळ्याजवळ धरली आणि मान हलवली.

“हे घिसून गेलं, बापूसाहेब. आतून पान्यानं खाल्लं याले. नवी मंगवा, मी बसवून देतो.”

दाराआडून आत्याबाईंचा आवाज आला. “घिसलं म्हंता, कासमभाई. मोडलं तं नाई ना?”

“मोडलं नाई, बाई. पन कामातून गेलं.”

“मोडलं नाई तं कामातून कसं गेलं?”

कासमभाईंनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी छताकडे पाहिलं. नवी चावी मुंबईहून मागवायचं ठरलं, तसा निरोपही गेला. पण निरोप जाणार, चावी निघणार, गाडीवान ती पोचवणार, आणि साहेब तर पुढच्या पंधरवड्यात यायचा होता. मामंजींना त्याआधी कामासाठी अकोल्याला जायचं होतं. निघताना ते न्हाणीघरासमोर थांबले.

“भागाबाई, तू त्याले हात लावू नोको. साहेबासमोर माही इज्जत हाये.”

“मी काई नाई करत,” आत्याबाई म्हणाल्या. “तू जाय.”

मामंजींच्या दमणीचे बैल नाक्यापार गेले असतील नसतील, आत्याबाईंनी सांडशी घेतली.

ती चावी म्हणजे पितळेचं एक नळकांडं होतं, आणि त्यात उभा बसवलेला, खाली निमुळता होत गेलेला पितळेचा खुंटा. खुंट्याला आरपार भोक. भोक नळीच्या रेषेत आलं की पाणी पडणार, फिरवून आडवं केलं की बंद. खुंटा आणि त्याचं घर यांच्यामध्ये ओरखडे पडल्यानं पाणी वाट काढत होतं. हे सगळं आत्याबाईंनी चावी उलगडल्यावर मला समजावून सांगितलं. त्याआधी त्यांनाही ते माहीत नव्हतं. खुंट्याला खालून आवळणारी फिरकी क्षारानं घट्ट धरली होती, ती त्यांनी चिंचेच्या पाण्यात बुडवून सोडवली. मग विटेची पूड वस्त्रगाळ करून जवसाच्या तेलात कालवली, खुंट्याला लावली आणि तो त्याच्या घरात बसवून अर्धा इकडं, अर्धा तिकडं असा फिरवत बसल्या. खर्र, खर्र. मधेच काढायच्या, पुसायच्या, पुन्हा पूड लावायच्या. पहिल्यांदा त्यांनी इतकं घासलं की खुंटा खाली सरकला आणि त्याचं भोक नळीच्या रेषेत येईना. चावी गळायची थांबली होती, पण आता उघडतही नव्हती. मी हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तशी मी स्वयंपाकघरात गेले. खालून चकत्या घालून त्यांनी तो वर उचलला, आणि पुन्हा घासणं सुरू झालं.

असे पाच-सहा दिवस गेले, आणि एका भर दुपारी दौलतराव आले.

मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. उंच, वाकलेला माणूस. पागोटं नवं होतं, पण ते बांधायला घाई झाल्यासारखं दिसत होतं. ते सरळ मागच्या अंगणात आले, म्हणजे त्यांना कोणीतरी वाट सांगितली होती. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. हात थांबले नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, तिथून मागे कशी सरकू ते मला कळेना, म्हणून तिथंच राहिले.

दौलतराव लिंबाच्या पारावर बसले. दुसरी बायको तापानं गेली होती, हे त्यांनी सांगितलं. घरात दोन लेकरं होती.

“मोठा कसा बी राहते,” ते म्हणाले. “लाहान पोरगी कोनाजवळ जात नाई. साळू. घर उघडं पडलं, भागा. आता तू ये. बापूसाहेब बी तेच म्हनून राहिले.”

“बापू भेटला तुमाले?”

“हाव. अकोल्यालेच भेटले. तेच म्हने जाय, मी नाई तवा जाय.”

आत्याबाईंनी खुंटा बाहेर काढला, फडक्यानं पुसला. मग डोळ्यांत घालायच्या काजळाच्या डबीत बोट बुडवून त्या खुंट्याला काजळ माखू लागल्या. बसवून एकदा फिरवला की काजळ कुठं पुसलं आणि कुठं राहिलं ते दिसतं. जिथं राहिलं तिथं अजून टेकत नाही. ही त्यांची स्वतःची युक्ती होती. दौलतराव ते पाहत बसले. मग त्यांनी खुंट्याकडे बोट केलं.

“तू तं सारंच सुदरवतं म्हने. कप म्हन, खुर्ची म्हन. हे बी सुदरवून राहिली. मंग आपलंच कावून नाई?”

आत्याबाईंनी तोवर एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. रागानं नाही. एखाद्यानं चुकून भलत्याच घराचं दार वाजवलं तर पाहतो, तसं.

“हे पितळ हाये जी,” त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या, हात धुतले आणि मला आत हाक दिली. “सूनबाई, पाट मांड. आमरस हाये ना? जावई हायेत घरचे, उपाशी नाई जायचे.”

दौलतराव जेवले. आत्याबाईंनी स्वतः वाढलं, आग्रह केला, तूप पुन्हा पुन्हा वाढलं. जेवून त्यांनी सुपारी घेतली आणि ते गेले. दारापर्यंत आत्याबाई गेल्या नाहीत. त्या परत लिंबाखाली बसल्या, आणि खर्र खर्र पुन्हा सुरू झालं. मी भांडी आवरत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी न पाहताच विचारलं, “पोरीचं नाव काय म्हनला तो?”

“साळू.”

“हं,” त्या म्हणाल्या.

त्या दिवाळीला त्यांनी खणाचा एक लहानसा परकर शिवला आणि अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीवानाजवळ दिला. आमच्या घरात त्या मापाची मुलगी नव्हती.

मामंजी अकोल्याहून परतले ते थेट मागच्या अंगणात आले. दौलतराव त्यांना वाटेत भेटले असावेत. न्हाणीघरात चावी बसलेली होती. मोटेच्या जुन्या चामड्याची, तेलात भिजवलेली चकती खाली, आणि खुंट्याला मेण चोपडलेलं.

“माह्या माघारी दोन्ही कामं बिघडवली तू,” ते म्हणाले.

“एक झालं,” आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींनी चावी फिरवली. पाणी पडलं. बंद केली. पाणी थांबलं. ते बराच वेळ खाली फरशीकडे पाहत राहिले, थेंब पडायची वाट पाहत. पडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटलं. शेवटी ते तिथंच दगडावर बसले.

“लोक विचारतात मले, भागाबाई. बहीन घरी कावून हाये म्हनतात. मी काय सांगू?”

“सांग का बहीन घर सुदरवते,” आत्याबाई म्हणाल्या, आणि सांडशी पेटीत ठेवून दिली.

साहेब आला. बरोबर दुभाषी, खानसामा आणि सामानाच्या दोन गाड्या. मामंजींनी त्याला सगळ्यांत आधी न्हाणीघर दाखवलं. चावी फिरवली, पाऊस पडल्यासारखं पाणी पडलं. बंद केली, टिपूसही नाही. साहेब जवळ जाऊन चावी पाहू लागला. आम्ही बायका झरोक्यातून पाहत होतो. आत्याबाई सगळ्यांत मागे उभ्या होत्या, पण उंच होत्या, त्यांना दिसत होतं. साहेब काहीतरी बोलला. दुभाष्यानं सांगितलं, “साहेब म्हणतात, अशा चाव्या आता मुंबईत कोणी ठेवत नाही.”

“बदलून राहिलो, साहेब,” मामंजी घाईनं म्हणाले. “नवी मागवली हाये.”

मी आत्याबाईंकडे वळून पाहिलं. त्या अजून चावीकडेच पाहत होत्या. साहेबानं अंघोळ तर त्या फवाऱ्याखाली केलीच नाही. गार पाणी डोक्यावर घेतलं की या देशात ताप येतो, असं त्याला त्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं. त्याच्या सामानात स्वतःचा पत्र्याचा टब होता. त्यात आमच्या चुलीवरचं कढत पाणी ओतून तो पाय पोटाशी घेऊन बसला, आणि दुसऱ्या दिवशी सौदा पक्का करून गेला. मामंजींनी गावात पेढे वाटले.

मुंबईची नवी चावी आली ती पुढच्या हंगामात, लाकडाच्या भुशात भरून. ती आमच्या नळीपेक्षा मोठी निघाली. आणि तिच्या पाठोपाठ तारेनं बातमी आली की अमेरिकेतली लढाई संपली.

लढाई संपल्यावर माणसं इतकी दुःखी झालेली मी तेव्हाच पाहिली. भाव दिवसादिवसाला खाली येऊ लागले. चढत्या भावात घेतलेले कापसाचे गठ्ठे आमच्या अंगणात माडीपर्यंत रचले होते. साहेबाच्या पेढीकडून माल उचलायला माणूस यायचा तो आला नाही. मग कळलं की पेढीच उरली नाही.

ते कळलं त्या दुपारी मामंजी अंगरखा, पागोटं, जोडे, सगळं अंगावर असतानाच न्हाणीघरात गेले. दार लावायचंही त्यांना सुचलं नाही. आम्हाला पाण्याचा आवाज आला. ते खाली बसले होते आणि फवारा चालू होता. पागोट्याचे पदर सुटून गळ्यात आले होते. घरातलं कोणी जवळ जायला धजेना. माझे यजमान दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरले. पाणी हळूहळू बारीक झालं, टाकी संपत आली.

आत्याबाई विहिरीकडे गेल्या आणि गड्याला म्हणाल्या, “टाकीत पानी टाक.”

“आत मालक बसले हायेत, बाई.”

“म्हनूनच टाक.”

गडी शिडीवर चढला. दोरी विहिरीवर आत्याबाईंनी स्वतः ओढली, आणि मीही ओढली. किती खेपा झाल्या कोण जाणे. केव्हातरी आत्याबाई आत गेल्या, हात वर करून चावी बंद केली. पाणी जागच्या जागी थांबलं.

“चांगलं हाये हे,” मामंजी खाली पाहत म्हणाले.

“हाव,” आत्याबाई म्हणाल्या. “ऊठ. अंग पूस.”

अमरावतीचं घर एका धान्यवाल्यानं घेतलं. न्हाणीघरात त्याला कडबा ठेवायचा होता, म्हणून त्यानं टाकी उतरवून टाकली. नांदगावची शेती बरीचशी गेली, थोडीशी राहिली. तिच्यावर मामंजी आणि आत्याबाई राहायला जाणार असं ठरलं. आम्हा दोघांना अकोल्याला जायचं होतं. आगगाडी तोवर इकडं येऊन पोचली होती, आणि माझ्या यजमानांना अकोल्याच्या मालधक्क्यावर कापसाच्या वजनाचं काम मिळालं होतं. दुसऱ्यांच्या कापसाचं.

बदनेऱ्याच्या स्टेशनावर दोघं आम्हाला पोचवायला आली. उन्हाळा होता. मामंजी त्या काही महिन्यांत फार खचले होते. बोलता बोलता थांबायचे आणि कशासाठी थांबलो ते विसरून जायचे. आत्याबाईंनी आगगाडी कधी पाहिली नव्हती, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाल्या, “तिथं पानी खारं हाये. आंबाडीची भाजी खात जा.” मी पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

गाडी हलली तेव्हा मामंजी रडू लागले. आत्याबाईंनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना वळवलं आणि त्या चालायला लागल्या. स्टेशनापलीकडे काळ्या, उलथलेल्या शेतांमधून पांढरा रस्ता जात होता, आणि गाडी त्याला धरून थोडं अंतर चालली, म्हणून मला ती दोघं दिसत राहिली. आयुष्यभर आत्याबाई पुरुषांच्या मागून चालल्या होत्या. त्या दिवशी त्या पुढं होत्या आणि मामंजी मागून येत होते. आत्याबाईंनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. पण मामंजी मागं पडले की त्यांची चाल हळू व्हायची, आणि ते जवळ आले की पुन्हा पहिल्यासारखी.